कर्नेल बदलतो, भुर्दंड मात्र वापरकर्त्याला

लिनक्स असलेल्या संगणकाने नवे अपडेट घेतले, तो पुन्हा सुरू झाला, आणि कालपर्यंत बिनतक्रार व्हर्च्युअल मशीन चालवणारे व्हर्च्युअलबॉक्स आज 'कर्नेलचा ड्रायव्हर नाही' असे सांगून अडून बसले. हा प्रकार लिनक्सवाल्यांना नवा नाही. जाणकाराला विचारावे तर पहिला प्रतिप्रश्न ठरलेला: 'कर्नेल हेडर टाकले होते का?' विचारणाऱ्याचा हेतू मदतीचाच असतो, पण प्रश्नात एक आरोप दडलेला आहे. बिघाड झाला, कारण वापरणाऱ्याचे एक पॅकेज टाकायचे राहिले. हा आरोप अन्याय्य आहे. कोणते हेडर, कोणत्या आवृत्तीचे, कुठून आणायचे, हा सॉफ्टवेअर बांधणाऱ्याने आपल्या अंगणात निस्तरायचा प्रश्न आहे. व्हर्च्युअलायझेशनच्या क्षेत्रात काही प्रकल्पांनी तो निस्तरून दाखवला. ज्यांनी तसे केले नाही, त्यांनी त्याचा खर्च वर्षानुवर्षे तुमच्या-आमच्या खात्यावर मांडला आहे.

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून द्यायला हवी. कर्नेल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. मेमरी कोणाला किती, प्रोसेसरवर पाळी कोणाची, डिस्कवर काय लिहायचे, हे तो ठरवतो. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेला लिनक्स कर्नेल आज फोनपासून महासंगणकापर्यंत पसरला आहे. व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका खऱ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक; पहिला यजमान, दुसरा पाहुणा. तो वेगाने चालायचा तर इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांत त्यासाठी दिलेल्या खास सोयी वापराव्या लागतात, आणि त्यांना हात लावण्याचा अधिकार फक्त कर्नेलला असतो. त्यामुळे असे वेगवान सॉफ्टवेअर कोणतेही घ्या, त्याचा एक पाय कर्नेलमध्ये असतोच. आता हेडर फाइल. तिला कर्नेलचा सातबारा म्हणायला हरकत नाही. उताऱ्यात जमीन नसते, पण गट कोणता, क्षेत्र किती, हद्द कुठवर, एवढे असते. फंक्शनचे नाव काय, त्याला काय पुरवायचे, एखाद्या रचनेतला कोणता घटक कितव्या बाइटवर आहे, हे हेडर सांगते. कर्नेलशी बोलणारा प्रोग्राम बांधताना कंपायलरला ही माहिती लागतेच.

गोंधळाची सुरुवात अशी की ही हेडर दोन जातींची आहेत आणि त्यांचे नियम परस्परविरोधी आहेत. पहिली जात बाहेरच्यांसाठी, म्हणजे कर्नेलच्या बाहेर चालणाऱ्या साध्या प्रोग्रामांसाठी. तिथे टॉरव्हाल्ड्स यांचा दंडक कडक आहे: काल चालणारा प्रोग्राम उद्याच्या कर्नेलवर चाललाच पाहिजे, मोडला तर दोष कर्नेलचा. दुसरी जात आतल्यांसाठी, म्हणजे ड्रायव्हर आणि मॉड्यूल (कर्नेलमध्ये जोडायचे कोडचे तुकडे) लिहिणाऱ्यांसाठी. तिथे कसलेही आश्वासन नाही. आतली फंक्शने आणि रचना केव्हाही बदलतील, हे धोरण ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी लिहिलेल्या टिपणात कारणांसह मांडलेले आहे आणि ते टिपण कर्नेलच्या सोर्स कोडबरोबरच मिळते. गंमत म्हणजे २०१२ पर्यंत या दोन्ही जाती एकाच फाइलींत मिसळलेल्या होत्या. डेव्हिड हॉवेल्स यांनी केलेली वाटणी त्या वर्षाच्या डिसेंबरात आलेल्या ३.७ या आवृत्तीत दाखल झाली. पॅकेजांच्या नावांनी मात्र घोळ वाढवूनच ठेवला आहे. फेडोरा या लिनक्स वितरणात 'कर्नेल-हेडर्स' नावाचे पॅकेज ड्रायव्हर बांधायला कुचकामी ठरते, त्यासाठी 'कर्नेल-डेव्हेल' लागते. डेबियन-उबुंटूत ड्रायव्हरसाठी 'लिनक्स-हेडर्स' लागते, आणि साध्या प्रोग्रामांची हेडर 'लिनक्स-लिबसी-डेव्ह' या भलत्याच नावाआड असतात. एका जगातली सूचना दुसऱ्या जगात पाळली की चुकीची वस्तू हाती पडणार, हे ठरलेलेच.

व्हर्च्युअलबॉक्स या दुसऱ्या जातीवर उभे आहे. जर्मनीच्या इनोटेक कंपनीचे हे सॉफ्टवेअर २००७ मध्ये मुक्तस्रोत झाले, पुढच्या वर्षी सन मायक्रोसिस्टिम्सकडे आणि २०१० मध्ये सनबरोबरच ओरॅकलकडे गेले. त्याचे 'व्हीबॉक्सड्राइव्ह' हे मुख्य मॉड्यूल लिनक्स कर्नेलच्या मूळ सोर्सचा भाग कधीच झाले नाही. एकच कोड विंडोज, मॅक, सोलारिस आणि लिनक्स या सगळ्यांवर चालावा म्हणून त्याच्या निर्मात्यांनी स्वतःचा एक मधला थर रचला. कर्नेलची पद्धत त्यांनी स्वीकारली नाही आणि कर्नेलनेही त्यांची स्वीकारली नाही. परिणामी प्रत्येक संगणकावर, तिथे चालू असलेल्या नेमक्या कर्नेलच्या नेमक्या हेडरसमोर ते मॉड्यूल नव्याने कंपाइल करावे लागते. 'नेमक्या' हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा आहे. कर्नेल बांधताना निवडलेल्या पर्यायांनुसार आतल्या रचनांचे आकार बदलतात, म्हणून जवळपासची आवृत्ती चालत नाही. मॉड्यूलवर आवृत्तीचा आणि मुख्य पर्यायांचा शिक्का असतो. तो जुळला नाही तर कर्नेल ते नाकारतो, आणि नाकारतो हे बरेच, कारण चुकीच्या बाइटवर लिहिणारे मॉड्यूल अख्खी मशीन झोपवू शकते.

नऊ-दहा आठवड्यांनी एक नवी आवृत्ती, हा लिनक्स कर्नेलचा रिवाज आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये ५.८ ही आवृत्ती आली. तिच्यात मेमरी मागण्याच्या एका आतल्या फंक्शनचा एक घटक काढून टाकला होता. कर्नेलच्या आत त्या फंक्शनला हाक मारणारी सगळी ठिकाणे त्याच बदलात दुरुस्त झाली. बाहेर राहिलेले व्हर्च्युअलबॉक्स त्यावर कंपाइल होईना. ५.८ चालवणारी आवृत्ती सप्टेंबरमध्ये आली. म्हणजे हेडर टाकलेले असूनही महिनाभर उपयोग नव्हता. नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ ने तर कहर केला. केव्हीएम हे कर्नेलमधले मॉड्यूल प्रोसेसरच्या त्या खास सोयींचा ताबा पूर्वी पहिली व्हर्च्युअल मशीन सुरू होताना घेत असे. आता ते स्वतः लोड होतानाच घेऊ लागले. हेडर जुळली, मॉड्यूल कंपाइल झाले, लोडही झाले, आणि तरी व्हर्च्युअलबॉक्सची मशीन सुरू होईना, कारण ताबा आधीच दुसऱ्याकडे होता. केव्हीएम काढून टाका किंवा कर्नेलला अमुक एक पर्याय द्या, असे उपाय मग लोक एकमेकांना सांगू लागले. हेडर हे लक्षण आहे. दुखणे आहे दुसऱ्याच्या अंतर्गत रचनेवर विसंबण्याचे.

'यासाठी डीकेएमएस आहे की,' असे कोणी म्हणेल. डेल कंपनीच्या लिनक्स विभागाने २००३ मध्ये तयार केलेली ही सोय खरोखर हुशारीची आहे. नवा कर्नेल बसला की ती बाहेरची मॉड्यूल आपोआप कंपाइल करते. पण ती वापरकर्त्याचा भुर्दंड कमी करत नाही, फक्त त्याच्या खात्यातून परस्पर वळता करते. प्रत्येक संगणकावर कंपायलर हवा, हेडर हवी, आणि ती कर्नेलबरोबर पाऊल मिळवून आली पाहिजेत. हेडर नसतील तर डीकेएमएस 'या कर्नेलचा सोर्स सापडला नाही, सोडून देतो' अशी एक ओळ लिहून पुढे जाते. अपडेटच्या शेकडो ओळींत ती कोण वाचणार? कळते ते पुढच्या वेळी संगणक सुरू केल्यावर. त्यात सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोय चालू असेल तर कंपाइल झालेल्या मॉड्यूलवर स्वाक्षरी लागते. म्हणजे स्वतःची किल्ली तयार करा, संगणक सुरू होतानाच्या पडद्यावर ती नोंदवा, पासवर्ड लक्षात ठेवा. बहुतेक वेळा ती किल्ली त्याच संगणकावर पडून राहते, म्हणजे ज्या सुरक्षेसाठी हा खटाटोप, तिलाच ढिलाई.

याच्या शेजारी केव्हीएम आणि क्यूएमू यांची जोडी ठेवून पाहा. इस्रायलच्या कुमरानेट कंपनीतल्या अवी किव्हिटी यांनी ऑक्टोबर २००६ मध्ये केव्हीएमचा कोड कर्नेलच्या विकासकांपुढे ठेवला आणि फेब्रुवारी २००७ च्या २.६.२० या आवृत्तीत तो दाखलही झाला. जुन्या कर्नेलवाल्यांसाठी सुरुवातीला त्यांनाही मॉड्यूल वेगळे बांधून द्यावे लागे, पण ती गरज काळाबरोबर ओसरली. मॉड्यूल कर्नेलच्या आतच आल्यावर आतल्या हेडरचा प्रश्न उरत नाही. जो फंक्शन बदलतो तोच केव्हीएममधली हाकही बदलतो. बाहेर राहिला क्यूएमू, म्हणजे फ्रान्सच्या फॅब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये सुरू केलेला, पडदा, डिस्क, नेटवर्क कार्ड यांची सोंगे वठवणारा साधा प्रोग्राम. तो केव्हीएमशी एका ठरावीक दारातून बोलतो. त्या दारावर 'तुझी आवृत्ती कोणती?' असे विचारले की उत्तर येते १२. २.६.२२ या आवृत्तीपासून हेच उत्तर येत आहे, आणि हा आकडा बदलण्याची अपेक्षा नाही असे कर्नेलच्या दस्तऐवजातच लिहिले आहे. नव्या सोयींसाठी आकडा बदलत नाहीत. 'अमुक सोय तुझ्यात आहे का?' असा वेगळा प्रश्न विचारायची मुभा आहे.

तरीही क्यूएमू बांधताना एक अडचण होती आणि तिची सोडवणूक मला या साऱ्या विषयातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते. बाहेरच्यांसाठीची हेडर स्थिर असतात, पण बांधणाऱ्याच्या संगणकावर ती किती जुनी असतील याचा नेम नाही. ज्या संगणकावर प्रोग्राम बांधला तिथली हेडर जुनी असली की कंपायलरला नवी सोय ठाऊकच नसे आणि तिच्यासाठी लिहिलेला कोड गुपचूप वगळला जाई. मग तोच प्रोग्राम ती सोय असलेल्या नव्या कर्नेलवर नेला तरी आंधळाच. बांधणारा संगणक आणि चालवणारा संगणक वेगळे असणे हा तर लिनक्स वितरणांचा नेहमीचा व्यवहार आहे, त्यामुळे 'बांधताना इथे काय आहे' या प्रश्नाला काही अर्थच नव्हता. 'चालवताना समोर काय आहे' हा खरा प्रश्न. २०११ मध्ये क्यूएमूने केव्हीएमला लागणाऱ्या हेडरची प्रत आपल्याच सोर्समध्ये ठेवायला सुरुवात केली. ती हाताने बदलायची नाही. कर्नेलच्या सोर्सवर एक स्क्रिप्ट चालवून ताजी प्रत आणायची. त्या दिवसापासून केव्हीएमसाठी क्यूएमू बांधणाऱ्याला आपल्या संगणकावरच्या कर्नेलची आवृत्ती तपासत बसावे लागत नाही. सगळा कोड कंपाइल होतो, आणि सोय आहे की नाही हे चालू असलेल्या कर्नेललाच विचारले जाते.

यावर शुद्धतावाद्यांचा आक्षेप असतो: एकाच वस्तूच्या दोन प्रती ठेवणे हे पाप आहे. डेबियनच्या धोरणातही दुसऱ्यांच्या कोडच्या प्रती पोटात बाळगू नयेत असे म्हटले आहे, आणि ते धोरण योग्य आहे. एखाद्या लायब्ररीत सुरक्षेचे भोक सापडले तर ते एकाच जागी बुजवता यावे, वीस पॅकेजांत शोधत फिरावे लागू नये. पण हेडरमध्ये बुजवायला कोड जवळजवळ नसतोच, असतात ती नावे आणि आकडे. आणि बाहेरच्यांसाठीच्या हेडरची जुनी प्रत चुकीची ठरत नाही, फक्त अपुरी असते. तिला जे ठाऊक नाही ते क्यूएमूचा तितकाच जुना कोडही मागत नाही. यातून एक चाचणी आयती मिळते. एखाद्या प्रकल्पाला कर्नेलच्या हेडरची प्रत स्वतःजवळ ठेवून निश्चिंत राहता येते का? येत असेल तर तो आश्वासनावर उभा आहे. व्हर्च्युअलबॉक्सला हे करताच येणार नाही, आतल्या हेडरची गेल्या महिन्यातली प्रत त्याला आज निरुपयोगी आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लिनक्सने आतली रचनाच स्थिर का ठेवू नये? रेड हॅट आपल्या एका मोठ्या आवृत्तीच्या आयुष्यभर ठरावीक आतल्या फंक्शनांची यादी न बदलण्याची हमी देते, आणि अँड्रॉइडसाठी गूगलही मॉड्यूलांच्या बाजूचा कर्नेल असाच गोठवते. म्हणजे ते अशक्य नाही. खरे आहे, पण ते कसे शक्य होते हे पाहिले पाहिजे. एका कर्नेलपुरते, मोजक्या फंक्शनांपुरते, आणि पगारी अभियंत्यांच्या फौजेच्या बळावर. पुढची मोठी आवृत्ती आली की नवी यादी. जगभरच्या सगळ्या लिनक्ससाठी आतली रचना अशी कायमची गोठवली असती तर काय झाले असते याची कल्पना जानेवारी २०१८ वरून येते. मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष उघड झाले तेव्हा मेमरीची पाने सांभाळण्याची कर्नेलची मूळ पद्धतच घाईने बदलावी लागली. ते जमले, कारण आत काय बदलायचे यासाठी बाहेरच्या कोणाची परवानगी लागत नव्हती. बाहेर राहिलेल्या मॉड्यूलांच्या सोयीसाठी ही मोकळीक गहाण टाकणे हा घाट्याचा सौदा आहे.

मग 'कर्नेलमध्ये शिरणे सोपे आहे का?' असे विचारले जाईल. नाही. केंब्रिज विद्यापीठात जन्मलेल्या झेन या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. झेनखाली यजमान म्हणून चालणाऱ्या लिनक्ससाठीचा कोड मुख्य कर्नेलमध्ये पूर्णपणे येईपर्यंत २०११ उजाडले. तोवर वितरणे २.६.१८ च्या जुन्या ठिगळांचे गाठोडे पुढच्या कर्नेलांवर ओढून नेत होती. त्या वर्षांत केव्हीएमने किती मैदान मारले ते सर्वांना दिसले. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे. वायरगार्ड हे व्हीपीएन बरीच वर्षे डीकेएमएसच्या आधारावर बाहेर राहिले आणि मार्च २०२० च्या ५.६ मध्ये आत आले. त्याच आवृत्तीत व्हर्च्युअलबॉक्सचाच एक भाग, पाहुण्या मशीनला यजमानाचे फोल्डर दाखवणारा ड्रायव्हर, हान्स द खुदे यांच्या चिकाटीमुळे दाखल झाला. पाहुण्या बाजूचे आणखी एक मॉड्यूल २०१८ मध्येच आले होते. त्यामुळे आज व्हर्च्युअलबॉक्सच्या आत लिनक्स चालवणाऱ्याचा त्रास बराच हलका झाला आहे. यजमान बाजूचा जसाच्या तसा आहे.

त्या बाजूलाही वारे फिरू लागले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या सायबरस टेक्नॉलॉजीने व्हर्च्युअलबॉक्सची अशी आवृत्ती खुली केली जी स्वतःच्या मॉड्यूलऐवजी केव्हीएम वापरते. त्याच वर्षी व्हीएमवेअरनेही लिनक्सवरच्या आपल्या वर्कस्टेशन या व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरसाठी केव्हीएमकडे वळण्याचा मनोदय जाहीर केला. व्हीएमवेअर काही मुक्तस्रोत नव्हे, आणि तिथे पैशाचा तुटवडा होता असेही नाही. तरी नऊ-दहा आठवड्यांनी मोडणारी मॉड्यूल जोडत बसण्यापेक्षा कर्नेलचे स्थिर दार वापरावे असे तिलाही वाटले. धंद्याच्या हिशेबाने काढलेला हा निष्कर्ष तत्त्वचर्चेपेक्षा अधिक बोलका आहे.

व्हर्च्युअलबॉक्सच्या बाजूने सांगण्यासारखे नाही असे नाही. ते विंडोजवरही तसेच दिसते, बटणे सोपी आहेत, शिक्षकाने लिहिलेली एकच सूचनापत्रिका वर्गातल्या सगळ्यांना लागू पडते. विंडोजच्या संगणकांवर ते वापरणाऱ्यांशी माझा वाद नाही. तिथे लिनक्सच्या हेडरचा प्रश्नच येत नाही. पण संगणक लिनक्सचाच असेल तर केव्हीएम बहुधा त्यात आधीच बसलेले असते, वर व्हर्ट-मॅनेजर किंवा नोम बॉक्सेस टाकले की खिडक्या-बटणेही मिळतात, आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या जुन्या डिस्क फाइली क्यूएमूबरोबर येणाऱ्या अवजाराने बदलून घेता येतात. शिवाय हे काही प्रयोगशाळेतले खेळणे नाही. ॲमेझॉनचे क्लाउड केंद्र मुंबईत २०१६ पासून आहे आणि २०१७ पासून त्या कंपनीच्या नव्या पिढीची व्हर्च्युअल मशीन चालवणारा नायट्रो हायपरव्हायझर केव्हीएमच्या गाभ्यावरच बेतलेला आहे. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना पुढे ज्याच्याशी काम पडणार, ते त्यांनी वर्गातच पाहिलेले बरे.

तेव्हा महाविद्यालये, सरकारी कार्यालये आणि छोट्या कंपन्या यांना विनंती एवढीच: लिनक्सच्या संगणकांसाठी व्हर्च्युअलायझेशनचे सॉफ्टवेअर निवडताना, चालू कर्नेलच्या हेडरसमोर त्याला आमच्या संगणकावर मॉड्यूल कंपाइल करावे लागते का, हे आधी विचारा; उत्तर 'हो' आले तर त्या देखभालीसाठी माणूस आणि वेळ बाजूला काढता येईल का ते पाहा. ज्यांना व्हर्च्युअलबॉक्सशिवाय गत्यंतर नाही त्यांनी निदान विशिष्ट आवृत्तीच्या आकड्याचे हेडर पॅकेज टाकून समाधान मानू नये. उबुंटूचे नेहमीचे कर्नेल पॅकेज हेडर सोबत आणते. डेबियनवर 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' आणि फेडोरावर 'कर्नेल-डेव्हेल-मॅच्ड' ही पॅकेज टाकून ठेवा, म्हणजे पुढचा कर्नेल येईल तेव्हा त्याची हेडर त्याच्याबरोबरच येतील.